शरीरातली वीज, न भरणाऱ्या जखमा आणि पेशींची जिवंत यंत्रं : सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी 31 वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या वाचनालयांत, शाळांत, कधी गणपतीच्या मंडपातही या विषयावर बोलतो. मोबाईलवर कुणीतरी 'बेडकापासून बनवलेला रोबोट' असा व्हिडिओ पाहिलेला असतो आणि घरी कुणाच्या तरी पायाला महिनोन्महिने न भरणारी जखम असते. या दोन टोकांच्या मध्ये प्रश्न येतात, आणि ते बहुधा तेच तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

शरीरात वीज असते म्हणजे काय? तारेतल्या विजेसारखीच का?

तारेतून इलेक्ट्रॉन वाहतात. शरीरात हलतात ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण : सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड. मीठ पाण्यात विरघळलं की त्यातले दोन तिथंच तयार असतात.

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असतं आणि त्या पटलात पंप बसवलेले असतात. हा पंप दर खेपेला 3 सोडियम बाहेर टाकतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी 1957 साली तो ओळखला आणि 1997 साली त्यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आत साठलेलं पोटॅशियम पटलातल्या छिद्रांतून थोडं थोडं बाहेर झिरपतं आणि त्यामुळे पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानानं ऋण राहते. चेतापेशीत हा फरक साधारण 70 मिलिव्होल्ट भरतो. टॉर्चच्या सेलचा विसावा हिस्साही नाही. पण पटलाची जाडी अवघी 7 नॅनोमीटरच्या आसपास असते. भागाकार करून बघा : दर मीटरला 1 कोटी व्होल्ट! दहावीच्या मुलांना मी हे गणित फळ्यावर करायला लावायचो. उत्तर आलं की वर्ग एकदम गप्प व्हायचा.

दारातल्या कण्हेरीचं विष याच पंपावर बसतं. पंप अडला की हृदयाचे ठोके बिघडतात आणि जीव जातो. लहान मुलं असलेल्या घरात कण्हेर आणि बिट्टी दोन्हींवर लक्ष असू द्या.

एवढी वीज आहे तर एकमेकांना हात लावल्यावर शॉक का बसत नाही?

कारण ती एकेका पटलापुरती असते. दक्षिण अमेरिकेतल्या विद्युत ईल माशात हजारो पेशी सेलसारख्या ओळीनं जोडलेल्या असतात. त्यातल्या एका जातीचा 860 व्होल्टचा झटका मोजल्याचं 2019 साली प्रसिद्ध झालं. आपल्या पेशींची जोडणी तशी नाही.

मेंदूचं आणि हृदयाचं समजलं. कातडीला विजेचं काय काम?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न आहे. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार.

आपल्या कातडीच्या पेशी सोडियम सतत आतल्या दिशेनं ढकलत असतात. त्यामुळे धडधाकट कातडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत काही दशक मिलिव्होल्टचा फरक टिकून असतो. आता कातडी फाटली की काय होतं? भाताचा वाफा डोळ्यांपुढं आणा. बांध शाबूत आहे तोवर पाणी जागच्या जागी उभं असतं. खेकड्यानं बांध पोखरला, भगदाड पडलं, की वाफ्यातलं सगळं पाणी त्या एका तोंडाकडं धावतं. पाण्यावर तरंगणारी काडीसुद्धा सांगते, फुटलंय कुठं ते. जखमेतही तसंच होतं. तिथला अडसर गेल्यामुळे आयन त्या वाटेनं बाहेर पडतात आणि आजूबाजूच्या कातडीत जखमेच्या दिशेनं विद्युतक्षेत्र तयार होतं. त्याची ताकद दर मिलिमीटरला साधारण 40 ते 200 मिलिव्होल्ट मोजली गेली आहे.

कडेच्या पेशींना ही दिशा कळते. प्रयोगशाळेतल्या बशीत कातडीच्या पेशी ठेवून तेवढंच क्षेत्र लावलं तर त्या ऋण टोकाकडं सरकू लागतात, आणि जखमेचा मध्य हे ऋण टोकच असतं. क्षेत्राची दिशा उलटी केली की पेशी वळून उलट्या चालू लागतात. मिन झाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली पेशीतली कुठली जनुकं ही दिशा ओळखायला मदत करतात तेही दाखवलं.

जखमेतल्या या प्रवाहाची पहिली मोजणी तर फार जुनी आहे. जर्मनीच्या एमिल द्यु ब्वा-रेमों यांनी 1840 च्या दशकात स्वतःच्या बोटावरच्या जखमेतून वाहणारी वीज स्वतः बनवलेल्या गॅल्व्हानोमीटरवर पाहिली. त्याच्याही आधी इटलीत गॅल्व्हानी यांनी बेडकाची तंगडी विजेनं उडते हे पाहून 1791 साली आपला निबंध छापला होता. बेडूक या गोष्टीत पहिल्यापासून आहे.

घाव उघडा ठेवावा, वारा लागला की सुकतो, असं आमची आजी म्हणते. खरं का?

आजीचा हेतू चांगला आहे, पण सल्ला चुकीचा. जॉर्ज विंटर यांनी 1962 साली डुकरांच्या जखमांवर दाखवलं की ओलसर झाकलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा सुमारे दुप्पट वेगानं चढते. खपली धरली की पेशींना त्या कोरड्या थराखालून वाट काढत यावं लागतं. आणि आयन वाहायला ओल लागतेच. वाफा आटला तर काडी वाहील कशी?

ओलसर म्हणजे चिखलात भिजलेला किंवा पू साचलेला नव्हे. स्वच्छ धुतलेली आणि ड्रेसिंगनं झाकलेली जखम. राख, हळद-चुना, चहाची पूड, तंबाखू यातलं काही नको. तंबाखूचं निपाणी भागात मुद्दाम सांगावं लागतं. अजूनही लोक लावतात.

पेशींपासून बनवलेलं यंत्र म्हणजे नक्की काय? बेडकात चिप बसवतात का?

नाही. त्यात चिप, तार, धातू काहीच नसतं.

अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात मायकल लेविन आणि डग्लस ब्लॅकिस्टन, तर व्हरमाँट विद्यापीठात जोश बोंगार्ड आणि सॅम क्रिगमन यांनी मिळून हे काम केलं आणि जानेवारी 2020 मध्ये प्रसिद्ध केलं. आफ्रिकेतल्या नखवाल्या बेडकाच्या, झेनोपसच्या, भ्रूणातून पेशी घेतल्या. कातडीच्या पेशी विटांसारख्या, आणि हृदयाच्या स्नायूच्या पेशी इंजिनासारख्या, कारण त्या आपण होऊन आकुंचन पावतात. कुठली पेशी कुठं बसवली तर गोळा पुढं सरकेल, हे आधी महासंगणकावर ठरवलं. संगणकानं असंख्य आकार आभासी जगात चालवून पाहिले, लंगडे टाकून दिले, चालणारे ठेवले, त्यांच्यातच फेरफार करून पुन्हा चालवले. मग निवडलेला आकार सूक्ष्मदर्शकाखाली बारीक चिमट्यानं कोरून काढला. मिलिमीटरपेक्षा लहान गोळा, आणि तो बशीतल्या पाण्यात खरोखर सरकला. झेनोपसवरून नाव पडलं झेनोबॉट.

त्याला खायला घालावं लागत नाही. पेशीत उरलेल्या बलकावर तो आठवडा-दहा दिवस जगतो आणि मग विरघळतो. कापला तर स्वतःला पुन्हा सांधतो.

2021 मध्ये पुढचं पाऊल आलं. कोरायचं, जुळवायचं काही नाही. भ्रूणाच्या कातडीच्या पेशी बाजूला काढून नुसत्या सोडल्या, तर त्या आपण होऊन गोळा झाल्या, त्यांच्या अंगावर केसासारख्या पक्ष्माभिका हलू लागल्या आणि गोळा पोहू लागला. याच पेशी बेडकात राहिल्या असत्या तर त्या पक्ष्माभिकांनी अंगावरचा बुळबुळीत थर सरकवला असता. जनुकं तीच, शेजार बदलला आणि काम बदललं. मला स्वतःला सगळ्या संशोधनात ही गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

पण पेशींना 'काय बनायचं' ते सांगतं कोण? सगळं डीएनएत लिहिलेलं नसतं का?

वडगाव-शहापूरच्या एखाद्या मागावर जाऊन उभे राहा. सूत तेच, माग तोच. पण काठावर कुठली नक्षी उमटणार ते वर टांगलेल्या जकार्डच्या भोकं पाडलेल्या पत्त्यांवर ठरतं. डीएनए पेशीला सूत आणि माग देतो, म्हणजे पंप, छिद्रं, प्रथिनं. नक्षीचा काही भाग पेशी-पेशींमधल्या विजेच्या फरकात साठवलेला असतो, असं लेविन यांच्या प्रयोगशाळेतली कामं दाखवतात.

प्लनेरिया नावाचा चपटा किडा असतो. त्याचे तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला हरवलेलं डोकं-शेपूट फुटतं. पेशी एकमेकींना जोडणारे बारीक बोळ काही काळ रसायनानं बंद करून विजेची देवाणघेवाण बिघडवली, तर मधल्या तुकड्याला दोन्ही बाजूंनी डोकी येतात. नंतर ते रसायन गेल्यावरही, साध्या पाण्यात तोच किडा पुन्हा कापला तरी दोनच डोकी येतात. डीएनएला हात लावलेला नाही. पत्ते बदलले, काठ बदलला.

उपमा इथंच सोडतो. जकार्डचे पत्ते माणूस बनवतो. पेशींचे 'पत्ते' पेशीच आपसांत ठरवतात, आणि तो भाग उपमेत मावत नाही.

झेनोबॉट स्वतःसारखी पिल्लं काढतात म्हणे? निसटले तर?

नोव्हेंबर 2021 च्या शोधनिबंधात हे आहे. बशीत सुट्या मूळपेशी, म्हणजे अजून ठरावीक काम न घेतलेल्या पेशी, पसरल्या तर झेनोबॉट फिरताना त्या ढकलून ढीग करतात आणि त्या ढिगातून नवा पोहणारा गोळा तयार होतो. संगणकानं सुचवलेल्या, तोंड उघडल्यासारख्या आकाराच्या गोळ्यांनी हे काम जास्त पिढ्या चालू ठेवलं. पण सुट्या पेशी माणसानं आणून घालाव्या लागतात. त्या घालणं थांबवलं की सगळं थांबतं. आपल्या मलप्रभेत किंवा मार्कंडेयात असा गोळा पडला तर तो कुणाचा तरी घास होईल, नाहीतर बलक संपून विरेल.

भीती विचारून दाखवली हे मात्र चांगलं. पुढची यंत्रं जास्त जगणारी असतील तेव्हा हाच प्रश्न जास्त जोरात विचारावा लागेल.

माणसाच्या पेशींपासूनही केलेत का?

होय. गिझेम गुमुशकाया आणि लेविन यांच्या गटानं नोव्हेंबर 2023 मध्ये अँथ्रोबॉट प्रसिद्ध केले. प्रौढ माणसांच्या श्वासनलिकेच्या पेशी. आपल्या घशाखालून कफ वर ढकलणारे जे बारीक केस असतात, ते या पेशींवर. बशीत वाढवताना गोळ्यांचे केस आतल्या पोकळीऐवजी बाहेरच्या बाजूला आले आणि गोळे चालू लागले. आकार 30 ते 500 मायक्रोमीटर, आयुष्य 45 ते 60 दिवस. जनुकांत बदल नाही.

मग माणसाच्या चेतापेशींचा थर बशीत वाढवून त्यावर ओरखडा काढला आणि या गोळ्यांचा एक पुंजका त्या फटीवर पुलासारखा ठेवला. 3 दिवसांत पुलाखाली चेतापेशी वाढून फट भरली. पूल नव्हता तिथं फट तशीच राहिली. पुंजक्यानं नेमकं काय केलं, हे त्या प्रयोगात उलगडलं नाही.

आशा अशी की पुढं रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींतून असे गोळे करता येतील, म्हणजे शरीर त्यांना परकं समजून हुसकणार नाही.

आमच्या वडिलांना शुगर आहे, तळपायाची जखम पाच महिने भरत नाही. हा उपचार बेळगावात कुठं मिळेल?

कुठंच मिळणार नाही. बेळगावात नाही, मुंबईत नाही, अमेरिकेतही नाही. वर सांगितलेलं सगळं बशीतलं आहे. कुणी 'आमच्याकडं आहे' म्हणालं तर तिथून उठा.

पाच महिने हा फार मोठा काळ आहे. उद्याच सर्जनला दाखवा. जखमेवर वजन पडू नये म्हणून खास चप्पल किंवा प्लास्टर, मेलेलं मांस काढणं, पायातला रक्तपुरवठा तपासणं, जंतुसंसर्गावर औषध आणि साखर आटोक्यात ठेवणं, या साध्या वाटणाऱ्या पाच गोष्टींवर पाय वाचतो. यातलं काहीच प्रयोगशाळेत अडकलेलं नाही.

विजेचा झटका देऊन जखम आणि शुगर दोन्ही बरं करणारं मशीन घेऊ का?

नको. आणि हे मी पुस्तकातून सांगत नाही.

आमच्या आप्पांनी आयुष्यभर अनवाणी भातशेती केली. एका पावसाळ्यात रोप लावणीच्या चिखलात उजव्या पायाच्या दुसऱ्या बोटाला काहीतरी लागलं. शुगरमुळे पायाची जाणीव गेलेली, त्यांना कळलंच नाही. रोज संध्याकाळी मी स्टुलावर त्यांचा पाय घ्यायचो, सलाईननं धुवायचो, गॉज बदलायचो. जखम हळूहळू गुलाबी होत होती. तेवढ्यात एक विक्रेता गावात आला. पायाखाली ठेवायची पेटी, मुंग्या येतात, "दहा दिवसांत फरक बघा की काका." आप्पांना मुंग्याही येत नव्हत्या, म्हणून ते बटण वर वर फिरवत गेले. ड्रेसिंग काढून पाय पेटीवर ठेवायचा, असं त्यानं सांगितलं होतं. मी त्या आठवड्यात परीक्षेच्या कामाला बाहेर होतो. अकराव्या दिवशी घरी आलो, दारातच वास आला. बोट काळं पडलं होतं. दोन बोटं काढावी लागली.

ज्या माणसानं पेटी विकली त्याच्या पत्रकावर 'शरीरात वीज असते, हे विज्ञानानं सिद्ध केलंय' असं छापलेलं होतं. वाक्य खरं आहे, मी वर्गात तेच शिकवायचो. त्या खऱ्या वाक्याला खोटी पेटी बांधली होती. म्हणून मी आता गावोगाव बोलतो.

मग विजेचे खरे उपचार कुठले?

हृदयाचा पेसमेकर, जो माणसात पहिल्यांदा 1958 साली स्वीडनमध्ये बसवला. न जुळणाऱ्या हाडासाठी मोजून दिलेला विद्युतप्रवाह, ज्याच्या उपकरणांना अमेरिकेत 1979 पासून मान्यता आहे. फिजिओथेरपीतलं वेदनाशमन. काही जुन्या, चिघळलेल्या जखमांवरही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ड्रेसिंगच्या जोडीनं, मोजका प्रवाह वापरतात. 'जोडीनं' या शब्दाखाली रेघ मारा.

पालीची शेपटी येते, खेकड्याची नांगी येते. माणसाचा तुटलेला हात कधी येईल का?

थोडंसं येतं हो! लहान मुलाच्या बोटाचं टोक नखाच्या भागात तुटलं आणि शिवून न टाकता नीट झाकून ठेवलं तर ते पुन्हा भरून येतं. इंग्लंडमधल्या डॉक्टर सिंथिया इलिंगवर्थ यांनी 1974 मध्ये तशा मुलांची नोंद केली. यकृतही वाढतं. म्हणजे कला शरीरात आहे, मोठेपणी कुठंतरी मिटवून ठेवलेली.

प्रौढ झेनोपसला तुटलेला पाय परत येत नाही, जास्तीत जास्त एक खुंट येतो. 2022 साली टफ्ट्स आणि हार्वर्डच्या संशोधकांनी तुटलेल्या जागी सिलिकॉनची टोपी बसवली, आत रेशमाच्या प्रथिनाचा जेल आणि पाच औषधं. फक्त 24 तास. मग टोपी काढली आणि वाट पाहिली. पुढचे 18 महिने पाय वाढत राहिला. हाडं लांबली, टोकाला बोटांसारखे उंचवटे आले, स्पर्श कळू लागला, बेडूक त्या पायानं पोहला. अगदी मूळचा पाय नव्हता, पण खुंटापेक्षा फार पुढं. मला यातले 24 तास मोलाचे वाटतात. 18 महिने कुणी पायाला सूचना देत बसलं नव्हतं. सुरुवात करून दिली, पुढचं पेशींनी केलं.

माणसाबद्दल तारीख मी सांगणार नाही. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

कॅन्सरवर?

बेडकाच्या डिंभकांत, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लांत, पेशींच्या आतल्या-बाहेरच्या बाजूंतला विजेचा फरक पूर्ववत ठेवून गाठीसारखी वाढ कमी करता आल्याचे प्रयोग आहेत. माणसासाठी उपचार नाही. चालू औषध एक दिवसही सोडू नका.

मुलगी मराठी माध्यमातली आहे, तिला हेच शिकायचंय. जमेल का?

जमेल. आपल्या सीमाभागातली पोरं घरी मराठी, बसमध्ये कन्नड, पुस्तकात इंग्रजी अशी तीन भाषांत रोज ये-जा करतात. बोजा म्हणून तिच्या मनावर ते घालू नका. बारावीला जीवशास्त्र आणि गणित दोन्ही ठेवा, एवढं एकच सांगणं. या संशोधनात निम्मं काम सूक्ष्मदर्शकाखालचं आणि निम्मं संगणकावरचं आहे. पुढं धारवाड आहे, कोल्हापूर आहे, बेळगावातच तंत्रशास्त्राचं विश्वेश्वरय्या विद्यापीठ आहे. कन्नडही नीट शिकू द्या. उद्या ती डॉक्टर झाली तर अर्ध्याहून जास्त रुग्णांच्या जखमेची गोष्ट तिला कन्नडमध्येच ऐकावी लागेल.

घरी दाखवता येईल असा प्रयोग?

पावसाळ्यात जांबोटीच्या वाटेवर लाजाळू भरपूर. पानाच्या टोकाच्या एका पर्णिकेला काडी टेकवा आणि घड्याळ धरा. मिटण्याची लाट देठाकडं चालत जाते ती विजेचा संदेश असतो, सेकंदाला काही सेंटिमीटर. जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात स्वतः बनवलेल्या यंत्रांवर हा मोजला होता. भिंतीतल्या प्लगशी प्रयोग मात्र कधीच नाही.

घरात शुगरचा माणूस आहे. आज रात्रीपासून काय करू?

दाढीचा आरसा जमिनीवर ठेवा आणि त्यांना खुर्चीत बसवून तळपाय आरशावर धरायला सांगा. ज्यांना वाकता येत नाही त्यांनाही टाच दिसते. बॅटरीचा उजेड बोटांच्या फटींत टाका. भेग, फोड, लाली, ओल, काळा ठिपका बघा. एका पायाला हात लावा, मग दुसऱ्याला. एक गरम लागला तर लिहून ठेवा आणि सकाळी दवाखाना गाठा. चपलेत हात घालून आत खडा किंवा खिळा वर आलाय का चाचपा. सगळ्याला मिळून तीन मिनिटं लागतात. आमच्याकडं तो आरसा अजून आप्पांच्या खाटेखालीच असतो, रात्री जेवणं झाली की नात तो बाहेर ओढते.